टांझानाइट

टांझानाइट हे झोइसाइट या खनिजाचे निळे ते जांभळे रत्नरूप होय. उत्तर टांझानियात, अरुशा शहराच्या आग्नेयेस असलेल्या मेरेरानी टेकड्यांत ते सापडते. व्यापारी प्रमाणात ते जगात इतरत्र कोठेही मिळत नाही. खाणींचा पट्टा जेमतेम ७ किमी लांब व २ किमी रुंद आहे. हे रत्न १९६७ मध्ये प्रकाशात आले. त्यामुळे नवरत्नांत त्याला स्थान नाही, आणि रत्नपरीक्षेच्या प्राचीन ग्रंथांत त्याचा उल्लेख असल्याचे कोणी सांगितल्यास ते निराधार समजावे.

रंग आणि गुणधर्म

टांझानाइट हे रासायनिकदृष्ट्या कॅल्शिअम व अ‍ॅल्युमिनिअमचे जलयुक्त सिलिकेट आहे. स्फटिक समचतुर्भुजी, चमक काचेसारखी, कठिनता ६ ते ७, विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.३५ आणि प्रणमनांक सुमारे १.६९ ते १.७० असतो. रंगाचे मुख्य कारण म्हणजे स्फटिकातील व्हॅनेडिअमचा अल्प अंश.

या रत्नाचे खरे आकर्षण बहुवर्णिकतेत आहे. स्फटिकाच्या तीन अक्षांच्या दिशांनी प्रकाशाचे शोषण निरनिराळे होते. त्यामुळे तापवण्यापूर्वीचा एकच खडा एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने जांभळा-तांबूस आणि तिसऱ्या बाजूने पिवळसर हिरवा किंवा तपकिरी दिसतो. खडा हातात फिरवला की रंग पालटतो तो यामुळे. दिव्यानुसार रंग बदलणे ही गोष्ट वेगळी आहे: दिवसाच्या उजेडात निळा वाटणारा खडा पिवळ्या बल्बखाली जांभळटपणाकडे झुकतो. विक्रेते या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

खाणीतून निघणारे बहुतेक खडे तपकिरी असतात. ते सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले म्हणजे तपकिरी-हिरवट छटा जाते व निळा आणि जांभळा हे दोनच रंग उरतात. हा बदल कायमचा असतो. जमिनीतच पुरेशी उष्णता मिळून निळे झालेले स्फटिकही आढळतात, पण ते थोडे. वीज पडून वणवा लागला आणि मसाई गुराख्यांना राखेत निळे खडे दिसले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा उपयोग इतिहासापेक्षा विक्रीलाच अधिक झाला आहे.

पैलू पाडणाऱ्यापुढे मात्र खरा पेच असतो. गर्द निळा रंग समोर यावा अशा दिशेने खडा कापल्यास बहुधा वजन बरेच घटते. वजन राखायचे तर जांभळी छटा पत्करावी लागते. पैलू पाडण्याचे बरेच काम जयपूरमध्ये चालते.

शोध आणि नामकरण

अरुशा येथे शिवणकाम करणारे आणि फावल्या वेळात खनिजे शोधणारे मॅन्युएल डिसूझा यांनी १९६७ मध्ये येथील खाणहक्क नोंदवले. ते मूळचे गोव्याचे. हा दगड कोणता, याविषयी त्यांचे आरंभीचे अंदाज चुकले. तपासणीअंती तो झोइसाइट ठरला. १९६९ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. टांझानियाच्या सरकारने मात्र जुमाने न्गोमा या स्थानिक रहिवाशास शोधाचे श्रेय दिले असून २०१८ मध्ये त्यांचा जाहीर गौरव केला. अधिकृत नोंद आणि पहिले दर्शन या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने हा वाद केवळ कागदपत्रांवरून मिटणारा नाही.

नाव न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांनी १९६८ मध्ये दिले. ‘झोइसाइट’ हा शब्द इंग्रजी उच्चारात आत्महत्येच्या शब्दाची आठवण करून देत असल्याने तो विक्रीस अडसर वाटला. हे रत्न फक्त दोन ठिकाणी मिळते, टांझानियात आणि आमच्याकडे, अशा आशयाची त्यांची जाहिरात गाजली. २००२ मध्ये अमेरिकेतील रत्नव्यापारी संघटनेने डिसेंबरच्या जन्मरत्नांत त्याची भर घातली.

खाणी

१९७१ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९० मध्ये क्षेत्राचे चार विभाग करण्यात आले. मोठ्या कंपनीच्या शेजारी छोटे खाणकाम करणारे अरुंद, खोल बोगद्यांत उतरत राहिले. १९९८ च्या अतिवृष्टीत बोगद्यांत पाणी शिरून कित्येक कामगार बुडाले. अरुंद भेगांत सरपटत जाण्यासाठी मुलांनाही वापरले जाई. त्यांना ‘सापपोरे’ अशा अर्थाचे नाव पडले होते. चोरटी निर्यात रोखण्यासाठी सरकारने खाणक्षेत्राभोवती सुमारे २४ किमी लांबीची भिंत बांधली. ती २०१८ मध्ये पूर्ण झाली. २०२० मध्ये सानिनिउ लाइझर या छोट्या खाणमालकाने ९.२७ किग्रॅ. व ५.१० किग्रॅ. वजनाचे दोन दगड सरकारला ७७४ कोटी टांझानियन शिलिंगांना विकले. अशी नशीबवान माणसे अपवादात्मकच.

पारख आणि निगा

नीलम म्हणजे कुरुविंद. त्याची कठिनता ९ असते व प्रणमनांकही अधिक. डायक्रोस्कोप या छोट्या उपकरणातून टांझानाइटचे दोन रंग शेजारी शेजारी दिसतात, काचेच्या नकलेत ते दिसत नाहीत. एका दिशेने सहज पाटन होत असल्याने ठोक्याने हा खडा तडकतो. म्हणून अंगठीपेक्षा कर्णभूषणांत किंवा पदकात तो अधिक टिकतो. श्राव्यातीत लहरींच्या यंत्रात किंवा वाफेने तो स्वच्छ करू नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते.