नदीच्या तळाची बखर

इतिहास म्हटला की पोलादपूरच्या माणसाला प्रतापगड आठवतो, उमरठ आठवते. पण एक इतिहास नदीच्या तळाशीही लिहिला जातो. तो लिहिणारे जीव बोटाच्या पेराएवढेही नसतात.

कॅडिस माशी नावाचा पतंगासारखा एक कीटक आहे. त्याची अळी वाहत्या पाण्याच्या तळाशी राहते. तोंडातून रेशमासारखा धागा काढून ती वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे जोडते आणि अंगाभोवती नळीसारखे घर बांधते. जे हाताशी, तेच सामान. हॉलंडमधल्या लायडन शहरातील नॅचरालिस संग्रहालयात अशी जुनी घरे जपून ठेवली आहेत. संशोधकांनी ती नव्याने तपासली आणि २०२५ साली निष्कर्ष जाहीर केले. १९७१ साली गोळा केलेल्या एका घरात पिवळे प्लॅस्टिकचे तुकडे निघाले. १९८६ च्या एका घरात निळे.

पाच मिलिमीटरहून लहान अशा तुकड्यांना आपण मायक्रोप्लॅस्टिक म्हणतो. हा शब्द रूढ झाला तो रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या लेखाने. म्हणजे अळीने घर बांधले १९७१ साली आणि आपल्याला शब्द सुचला तेहतीस वर्षांनी!

आपल्याकडे काय झाले? एके काळी गूळ कागदाच्या पुडीत यायचा, पंगत पत्रावळीवर उठायची, जाळी सुताची असायची. नदीत पडले तरी कुजून जायचे. मग पिशवी आली, नायलॉनचा दोर आला. हे कुजत नाही. उन्हाने तडकते, दगडांवर घासून बारीक होते. महाबळेश्वरावरून उतरणाऱ्या सावित्रीला ना उतार कमी, ना दगड.

२६ जुलै २००५ च्या पुरात पिशव्यांनी मुंबईची गटारे तुंबली. पुढच्या वर्षी राज्याने पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ ला राज्याची व्यापक बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर केंद्राची. पण कायदा डोळ्यांना दिसणाऱ्या पिशवीला धरतो. तिचा चुरा झाला की तो कुणाच्याच वहीत राहत नाही.

तो राहतो शिंपल्यांच्या, झिंग्यांच्या, खेकड्यांच्या पोटात. शिंपली पाणी गाळून जगते, खेकडा तळ चिवडून. त्यांना मासा खातो आणि माशाला आपण. पावसाच्या तोंडावर खेकडे धरणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. प्लॅस्टिकमुळे त्या अळीचे घर कच्चे होते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

लायडनची पेटी कुणी प्लॅस्टिक शोधायला भरली नव्हती. कुणीतरी अळीचे घर उचलले, त्यावर साल लिहिले, एवढेच. कापड्यापासून महाडपर्यंतच्या शाळांना हे अवघड नाही. दर वर्षी नदीच्या तळाची मूठभर वाळू काचेच्या बरणीत भरावी, चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहावी. पन्नास वर्षांनी कुणी विचारले, तर सावित्रीची साक्ष तयार असेल.