दप्तराबाहेरचीं बाळें

जमीन-महसुलाच्या इतिहासांत इंदापूर तालुक्याचा मान मोठा. प्रिंगल यांची मोजणी फसल्यावर १८३५ सालीं गोल्डस्मिड यांनीं नवी पाहणी येथूनच सुरू केली. विंगेट त्यांना येऊन मिळाले, आणि तीस वर्षांचा धारा प्रथम येथेंच ठरला. जमीन काळी कीं मुरमाड, पड किती, सारें दप्तरीं आलें. त्याच गांवांच्या मातींत पुरलेलीं तान्हीं बाळें मात्र त्या दप्तरांत सांपडत नाहींत. त्यांच्याकडून सरकारला कांहीं येणें नव्हतें!

पुढें जन्ममृत्यूच्या नोंदी पाटलाकडे आल्या. तरीही बारशाआधीं गेलेलें मूल पुष्कळदां दोन्ही रकान्यांतून निसटे. त्यांतून बाळंतपण माहेरीं. त्यामुळें आंकडे कसे फसवे होत, हें मुंबईवरून कळतें. १९२१ सालीं तेथें नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यू दिसले. जन्म गांवीं लिहिला गेला आणि मूल चाळींत दगावलें, हें त्याचें एक कारण. पण तेवढ्यानें कोंदट खोल्यांचा दोष धुऊन निघत नाहीं.

बारामती-इंदापुराकडे पांचवीची रात्र जागविण्याची चाल जुनी. सटवाईचें भय असे. वस्तुतः अस्वच्छ विळ्यानें नाळ कापली म्हणजे धनुर्वात व्हावयाचा, आणि तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसावयाचा. म्हाताऱ्या बायांनीं धोक्याचे दिवस अचूक हेरले होते. विळ्याकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

१९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें तेथें परिचारिका व सुइणी तयार होऊं लागल्या. परंतु नीरेचा डावा कालवा ज्या शिवारांत १८८५ च्या सुमारास पोंचला, तेथें शिकलेली सुईण पोंचण्यास फार काळ लोटला. भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालांत ब्रिटिश हिंदुस्थानांतील १९३७ सालचे अर्भकमृत्यू हजारीं १६२ दिले आहेत. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं. तरी धडधाकट मूल तराजूंत घालावयाचें, त्यासाठीं दिवसाची मजुरी बुडवावयाची, वर दृष्ट लागण्याची भीति. आई येणार कशी? तिला अडाणी म्हणणें सोपें होतें, आणि तसें पुष्कळांनीं म्हटलेंही. दार उघडून वाट पाहाणाऱ्या दवाखान्यापेक्षां गरोदरपणींच दिलेली धनुर्वाताची लस आणि घरीं येणारी परिचारिका यांनीं अधिक काम केलें. २०१५ सालीं भारत नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनास पात्र ठरला. २०२० सालीं महाराष्ट्रांतील अर्भकमृत्यू हजारीं १६ वर आले.

ही सरासरी झाली. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या हंगामांत याच कालव्याच्या मुलखांत उतरतात. आई पहाटे फडांत जाते, तान्हें कोपींत असतें, आणि त्याची नोंद मागें, गांवच्या अंगणवाडींत असते.