सॅलिस्बरीचा बिशप रॉजर

नॉर्मंडींतील केन शहराजवळ एका तरुण धर्मोपदेशकानें एके दिवशीं उपासना इतक्या झपाट्यानें आटोपली कीं, ऐकावयास आलेले शिपाई खूष झाले. घोड्यावर बसण्याची घाई असणाऱ्यांस पुरोहित असावा तर असा, असें म्हणून त्यांचा धनी राजपुत्र हेन्री यानें त्याला पदरीं ठेविलें. न्यूबर्गच्या विल्यमनें ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांनीं लिहिली. ती खरी असेलच असें नाहीं. तोच लेखक रॉजरला बहुतेक निरक्षर ठरवितो. लॅटिन विद्येंत रॉजर बेताचा असेल. पण ज्यानें इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च लावून दिला त्याला अडाणी म्हणणें आम्हांस तरी पटत नाहीं.

इ. स. ११०० त हेन्री गादीवर बसला. पुढल्याच वर्षीं रॉजर चान्सेलर झाला, व ११०२ त सॅलिस्बरीचा बिशप नेमला गेला. राजा वर्षेंच्या वर्षें नॉर्मंडींत गुंतून राही. मागें इंग्लंडचा कारभार रॉजर पाही.

त्या कारभाराचें मर्म एका मेजांत होतें. दहा फूट लांब व पांच फूट रुंद अशा मेजावर रेघा आंखलेलें काळें कापड पसरीत; तें बुद्धिबळाच्या पटासारखें दिसे, म्हणून त्या कचेरीस ‘एक्स्चेकर’ हें नांव पडलें. वर्षांतून दोनदां शेरीफ वसुलाचा हिशेब देण्यास येत. पेन्स, शिलिंग, पौंड यांच्या निरनिराळ्या रांगांत सोंगट्या मांडून येणें व भरणा समोरासमोर दाखवीत. त्यामुळें ज्याला वाचतां येत नसे त्यालाहि आपल्यावर बाकी किती निघते हें डोळ्यांनीं दिसे. पावती म्हणून खांचा पाडलेली लांकडी कांडी उभी चिरून तिचा एक भाग त्याला देत व दुसरा कचेरींत ठेवीत. (१८३४ त अशा जुन्या कांड्यांचे ढीग जाळतां जाळतां पार्लमेंटची इमारतच जळाली!) हिशेबाच्या कामीं दयामाया नव्हती. ११२४ च्या नाताळांत रॉजरनें टांकसाळवाल्यांस विंचेस्टरला बोलावून घेतलें, आणि हिणकस नाण्यांबद्दल त्यांचे उजवे हात तोडण्यांत आले.

घरच्यांसहि तो विसरला नाहीं. अलेक्झांडर व नायजेल हे पुतणे बिशप झाले, आणि मुलगा चान्सेलर. बिशपाला मुलगा कसा, हें त्या काळीं फारसें कोणी विचारीत नसे. डिव्हायझेस, शेरबोर्न, माम्सबरी येथें त्यानें किल्ले बांधले.

११२७ त त्यानें हेन्रीच्या मुलीला वारस मानण्याची शपथ घेतली होती. पण ११३५ त राजा वारतांच तो राजाच्या भाच्याला, स्टीफनला, मिळाला. मुलीचें लग्न परक्या देशांत करतांना आमचा सल्ला घेतला नाहीं, म्हणून शपथ सुटली, असें तो सांगे. हें ऐकून लिहून ठेवणाऱ्या माम्सबरीच्या विल्यमचाहि त्यावर विश्वास बसलेला दिसत नाहीं.

जून ११३९ त स्टीफनचा दरबार ऑक्सफर्डास भरला. म्हातारा बिशप नाखुषीनेंच गेला. तेथें बिऱ्हाडाच्या जागेवरून नोकरानोकरांत मारामारी जुंपली, आणि राजाला हवें तें निमित्त मिळालें. रॉजर व अलेक्झांडर पकडले गेले. नायजेल निसटून डिव्हायझेसच्या किल्ल्यांत शिरला. स्टीफननें म्हाताऱ्याला किल्ल्यासमोर नेलें आणि त्याच्या मुलाला फांशीं देण्याची धमकी दिली. किल्ला हातीं येईपर्यंत रॉजरला अन्न मिळूं नये असा हुकूम होता, असें कोणी लिहितात. त्यानें आपण होऊन उपास धरला, असें माम्सबरीकर म्हणतो. अखेर किल्ला राजाच्या हातीं गेला.

ऑगस्टांत विंचेस्टरला धर्मसभा भरली. पोपचा प्रतिनिधि म्हणून राजाच्या सख्ख्या भावानेंच राजाला जाब विचारला. बिशपावर हात टाकलाच कसा? राजपक्षाचें उत्तर मोठें मार्मिक होतें: आम्हीं बिशपाला धरलें नाहीं, राजाच्या नोकराला धरलें! रुआनच्या आर्चबिशपानें तर, बिशपांनीं किल्ले बाळगावे असें कोणत्या धर्मनियमांत आहे तें दाखवा, असें उलट विचारलें. कोणाला तें दाखवितां आलें नाहीं.

त्याच डिसेंबरांत रॉजर वारला. चर्चचें बांधकाम पुरें व्हावें म्हणून त्यानें वेदीवर ठेविलेला उरलासुरला पैसाहि त्याच्या इच्छेविरुद्ध नेण्यांत आला होता.

स्टीफनच्या यादवींत मेजाची घडीहि विस्कटली. ११५४ त दुसरा हेन्री आल्यावर ती पुन्हां बसविण्यास नायजेललाच बोलवावें लागलें. नायजेलचा मुलगा रिचर्ड पुढें खजिनदार झाला व त्यानें एक्स्चेकरवर संवादरूप ग्रंथ लिहिला. वर दिलेलें मेजाचें वर्णन त्याच ग्रंथांतलें आहे.