विजेविना टिकणारी शाई

मुद्रितशोधनात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे ई-इंकचं नवं वाचनयंत्र हाती आल्यावर मी आधी अक्षरं तपासली, मजकूर नंतर वाचला. रफार जागच्या जागी, अनुस्वार ठळक, ‘ष्ट्य’सारखं जोडाक्षरही स्वच्छ. खिडकीशी उन्हात धरलं तर अक्षर आणखी ठसठशीत होतं. पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, मागच्या पानाची पुसट छाया कधीकधी उरते, हे डोळ्यांना खटकतं. तरीही हे छापल्यासारखं अक्षर पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण त्यामागे तीसेक वर्षांची खटपट आहे.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी एका बाजूने पांढरे, दुसऱ्या बाजूने काळे असे बारीक मणी तयार केले. विजेच्या इशाऱ्यावर ते फिरत आणि अक्षर उमटे. त्याच सुमारास जपानमध्ये मात्सुशिताचे इसाओ ओटा द्रवात तरंगणारे विद्युतभारित कण वापरून पाहत होते. पण हे कण एकमेकांना चिकटत, तळाशी बसत आणि चित्र बिघडे.

तोडगा निघाला एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी कणांसकट तो द्रव केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांमध्ये बंद केला. कणांची धाव कुपीपुरतीच राहिली, त्यामुळे गुठळ्यांचा प्रश्न सुटला. १९९७मध्ये ‘ई इंक’ कंपनी उभी राहिली. तिच्या शाईत पांढऱ्या आणि काळ्या कणांवर परस्परविरुद्ध भार असतो. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो आणि वीज काढून घेतली तरी कण तिथेच थांबतात. पान बदलायला वीज लागते, उमटलेलं पान टिकवायला लागत नाही. शोधाचं सगळं मोल मला यात दिसतं.

२००४मध्ये सोनीने जपानमध्ये या शाईचं ‘लिब्रिए’ हे वाचनयंत्र आणलं. पडदा सहा इंचांचा, इंचाला सुमारे १७० ठिपके. २००७मध्ये अ‍ॅमेझॉनचं ३९९ डॉलरचं किंडल आलं आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. किंडलवर मराठी पुस्तकांचं दालन मात्र २०१६च्या डिसेंबरात उघडलं. आता अनेक यंत्रांवर इंचाला ३०० ठिपके असतात. आपल्या जोडाक्षरांना त्या बारकाव्याची गरज होतीच.

शाई टिकाऊ झाली, पुस्तक मात्र तितकं टिकाऊ झालं नाही. लिब्रिएवर घेतलेली पुस्तकं ६० दिवसांनी उघडेनाशी होत. २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसे परत मिळाले, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक असंही नाहीसं होऊ शकतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हे यंत्र जरूर घ्या, डोळ्यांना त्याचा आराम आहे. मात्र ज्या पुस्तकाची प्रत कायम आपल्याजवळ ठेवता येईल, तेच आधी विकत घ्या. आणि मराठी प्रकाशकांनी तशी प्रत द्यावी, असा आग्रह धरा.