पाण्याचे सूत्र ठरेपर्यंत

आउगुस्ट केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या 1861 च्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरला आंबट करणाऱ्या द्रव्याची, एकोणीस वेगवेगळी सूत्रे दिलेली आहेत. यातले एकही सूत्र केकुलेने गंमत म्हणून रचले नव्हते. युरोपातल्या कोणत्या ना कोणत्या नामवंताने ते मांडले होते. द्रव्य एकच, त्याच्या वजनांबद्दलही कोणाचे दुमत नव्हते. घोळ होता तो अणू, रेणू आणि समतुल्यभार या तीन संज्ञांचा. आज नववी-दहावीचा विद्यार्थी ज्या शब्दांपाशी अडखळतो, त्याच शब्दांपाशी एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्र पन्नास वर्षे अडून बसले होते.

सुरुवात जॉन डाल्टनपासून झाली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचे ठरावीक वजन असते, असे या इंग्रज शिक्षकाने 1808 च्या आपल्या ग्रंथात मांडले. पण एकटा अणू तराजूत घालता येत नाही. पाण्यात एक भाग हायड्रोजनमागे आठ भाग ऑक्सिजन असतो, एवढेच तराजू सांगतो. (डाल्टनच्या मोजणीत हा आकडा सात आला होता.) मग ऑक्सिजनच्या अणूचे वजन किती? पाण्यात दोन्हींचा एकेक अणू धरला तर आठ, हायड्रोजनचे दोन धरले तर सोळा. अणुभार हवा असेल तर सूत्र माहीत पाहिजे आणि सूत्र हवे असेल तर अणुभार. या चक्रातून सुटण्यासाठी डाल्टनने एक नियम केला: दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू मानायचा. त्यामुळे त्याच्या हिशेबात पाणी एचओ झाले.

वाट वायूंनी दाखवली. दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाण्याच्या वाफेची दोन आकारमाने मिळतात, असे फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने त्याच सुमारास दाखवून दिले. 1811 मध्ये इटलीच्या अमेडेओ ॲव्होगॅड्रोने त्याचा अर्थ लावला: तापमान आणि दाब सारखे असतील, तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत कणांची संख्या सारखीच असते. पण मग ऑक्सिजनच्या एका कणातून वाफेचे दोन कण तयार होतात, म्हणजे तो कण दुभंगतो. ॲव्होगॅड्रोने म्हटले, दुभंगू द्या. तो कण मुळात जोडीचाच आहे.

हे कोणाला पटेना. स्वीडनच्या बर्झीलियसचा शब्द तेव्हा प्रमाण मानला जाई. अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युतभारांमुळे, असे त्याचे मत होते. सारखे दोन अणू एकत्र येतीलच कसे? त्यात शब्दांचीही भर पडली. ॲव्होगॅड्रोने ‘अणू’ हा शब्द वापरलाच नाही. त्याच्या लेखात सगळीकडे ‘रेणू’ आहेत आणि कोणता कण अभिप्रेत आहे ते मागच्या विशेषणावरून ओळखायचे आहे. डाल्टन मात्र पाण्याच्या रेणूलाही ‘संयुक्त अणू’ म्हणे.

या वादाला कंटाळलेल्यांना विल्यम वुलस्टनने 1814 मध्ये पळवाट काढून दिली. अणूंची चर्चाच नको; कोणते द्रव्य कोणत्या द्रव्याच्या किती वजनाशी बरोबर संयोग पावते, तेवढे सांगायचे. हाच समतुल्यभार. तो प्रयोगशाळेत थेट मोजता येई, म्हणून भरवशाचा वाटे. पुढे फ्रान्सच्या दुमाने वाफांच्या घनतेवरून अणुभार काढायचा प्रयत्न केला, तेव्हा गंधकाचा अपेक्षेच्या तिप्पट आला, फॉस्फरसचा दुप्पट आणि पाऱ्याचा निम्मा. गंधकाच्या वाफेतला रेणू त्या तापमानाला साधारण सहा अणूंचा असतो, फॉस्फरसचा चार अणूंचा, तर पाऱ्याचे अणू सुटेच असतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते. वैतागलेल्या दुमाने 1836 च्या व्याख्यानांत सांगून टाकले की, आपल्या हातात असते तर ‘अणू’ हा शब्द विज्ञानातून पुसून टाकला असता.

अखेर केकुले, वुर्ट्झ आणि वेल्टसीन यांनी पुढाकार घेतला. 3 ते 5 सप्टेंबर 1860 या तीन दिवसांत जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात सुमारे 140 रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तिच्यापुढचा मुख्य विषय कोणताही नवा शोध नव्हता. अणू कशाला म्हणायचे आणि रेणू कशाला, हा होता.

तिथे सर्वांत ठामपणे बोलला तो सिसिलीचा स्टानिस्लाओ कॅनिझारो. 1848 च्या बंडात भाग घेतल्यामुळे त्याला काही काळ देशाबाहेर राहावे लागले होते; आता तो जेनोआत प्राध्यापक होता. विद्यार्थ्यांना शिकवताना त्याने ॲव्होगॅड्रोचा नियम शेवटपर्यंत लावून पाहिला होता. हायड्रोजनच्या रेणूचे वजन दोन धरायचे आणि वायूंच्या घनतेवरून इतर रेणूंची वजने काढायची. मग कार्बनची संयुगे ओळीने मांडायची. मिथेनच्या 16 भागांत कार्बन 12, कार्बन मोनॉक्साइडच्या 28 भागांत 12, कार्बन डायऑक्साइडच्या 44 भागांत 12, एथिलीनच्या 28 भागांत 24. कार्बन बाराहून कमी कुठेच येत नाही आणि येतो तो बाराच्या पटीतच. म्हणून कार्बनचा अणुभार 12. डाल्टनपासून चालत आलेले चक्र इथे तुटले, कारण रेणूचे वजन आता सूत्राशिवाय मिळत होते.

अणू आणि रेणू वेगळे मानावेत, हे परिषदेला मान्य झाले. अणुभारांचा निर्णय मात्र ज्याचा त्याच्यावर सोडला गेला. शेवटी कॅनिझारोच्या पाव्हेसी नावाच्या मित्राने त्याची 1858 ची पुस्तिका सर्वांना वाटली. तीस वर्षांच्या लोथार मायरने ती परतीच्या वाटेवर वाचली आणि सगळ्या शंका फिटल्याचे पुढे लिहून ठेवले. सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही परिषदेला हजर होता. 1869 मध्ये त्याने मांडलेली आवर्तसारणी याच सुधारलेल्या अणुभारांवर उभी राहिली. ॲव्होगॅड्रो मात्र 1856 मध्येच वारला होता.

समतुल्यभार सहजासहजी हटला नाही. अणुकल्पनेच्या बेर्थलोसारख्या वजनदार विरोधकांमुळे फ्रान्समध्ये तो शतक सरत येईपर्यंत टिकला. आजही अनुमापन करताना नॉर्मॅलिटीच्या रूपाने तो भेटतो आणि मुलांना चकवतो. सल्फ्युरिक आम्लाचा रेणुभार 98 हा कायमचा. समतुल्यभार मात्र दोन्ही हायड्रोजन अभिक्रियेत उतरले तर 49, एकच उतरला तर 98. पोटॅशियम परमँगनेटचा रेणुभार 158. त्याचा समतुल्यभार आम्लधर्मी द्रावणात 31.6 आणि उदासीन द्रावणात 52.7. रेणुभार पदार्थाचा असतो, समतुल्यभार त्या अभिक्रियेचा. एवढा फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो.

पाठ्यपुस्तके मात्र पहिल्याच पानावर व्याख्या देतात: अणू म्हणजे हे, रेणू म्हणजे ते. या व्याख्या ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मल्या, तो प्रश्न मुलांपर्यंत पोहोचतच नाही. शिक्षकांनी एक तास बाजूला ठेवून आधी गे-ल्युसॅकची आकारमाने आणि कॅनिझारोची कार्बनची यादी फळ्यावर लिहावी, मुलांनाच 12 हा आकडा शोधू द्यावा आणि त्यानंतर व्याख्या सांगाव्यात.