बॅटरी आयातदारांची पर्यावरण नोंदणी : अर्जाआधी वजनाचा हिशेब

परदेशी खेळणी, पॉवर बँक, दाढीची यंत्रे किंवा आणीबाणीचे दिवे आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला आपण बॅटरीचे आयातदार आहोत, असे सहसा वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो आहे. 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' नुसार सुटी बॅटरी आणणारा आणि बॅटरी बसवलेले उपकरण आणणारा, हे दोघेही 'उत्पादक' ठरतात. त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संगणकीय प्रणालीवर नोंदणी करणे बंधनकारक आहे. या नोंदणीकडे निव्वळ परवाना म्हणून पाहिले, की पुढील अडचणींना सुरुवात होते. अर्जात लिहिलेला वजनाचा आकडा हा पुढील अनेक वर्षांच्या जबाबदारीचा पाया असतो.

जुना नियम आणि नवा नियम

२००१ चे बॅटरीविषयक नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते मर्यादित होते. वाहने व इन्व्हर्टरमधील या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवले, की त्याची धूळ माती व पाण्यात मिसळते. शिशाचा सर्वाधिक घातक परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. हा धोका रोखणे, हा त्या नियमांचा हेतू होता. पुढे मोबाईल, लॅपटॉप आणि विजेवरील वाहनांसोबत लिथियमच्या बॅटऱ्या वाढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी रसायन, आकार, वजन वा वापर कोणताही असो, सर्व बॅटऱ्या आपल्या कक्षेत घेतल्या. संरक्षणविषयक साहित्य आणि अवकाशात पाठवायची उपकरणे यांनाच त्यातून वगळले आहे.

या नियमांचा गाभा म्हणजे 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'. ज्याने बॅटरी बाजारात आणली, त्यानेच ती निकामी झाल्यावर तिचे पुनर्चक्रीकरण किंवा नूतनीकरण होईल, याची तजवीज करावी, असे हे तत्त्व आहे. आयातदार ही जबाबदारी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगाकडून प्रमाणपत्रे घेऊन पूर्ण करू शकतो.

प्रथम प्रकार ठरवा

नियमांत बॅटऱ्यांचे चार प्रकार आहेत. पाच किलोपेक्षा कमी वजनाची, सीलबंद आणि अन्य तीन प्रकारांत न बसणारी बॅटरी 'पोर्टेबल' होय. वाहन सुरू करणे, दिवे आणि प्रज्वलन यांसाठीची बॅटरी 'ऑटोमोटिव्ह', तर विजेवरील वाहनाला गती देणारी बॅटरी 'विद्युत वाहन' प्रकारात येते. औद्योगिक वापराच्या आणि ऊर्जा साठवण यंत्रणेच्या बॅटऱ्या 'औद्योगिक' गणल्या जातात. संकलन व पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे प्रकारानुसार वेगळी असल्याने येथील चूक पुढे प्रत्येक वर्षीच्या हिशेबात उतरते.

कोणती कागदपत्रे जुळवावीत?

अर्ज नमुना १ (अ) मध्ये करावयाचा असतो. त्याआधी पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक, कंपनी असल्यास तिच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि स्वाक्षरीचा अधिकार दिलेल्या व्यक्तीची ओळखपत्रे एकत्र करावीत. या सर्वांवर संस्थेचे नाव व पत्ता अक्षरशः एकसारखा आहे ना, हे तपासावे. कार्यालय हलवल्यानंतर एका कागदावर जुना पत्ता राहिला असेल, तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घेणे हिताचे.

दुसरा गठ्ठा आयातीचा. सीमाशुल्क विभागाकडे सादर केलेली प्रत्येक बिल ऑफ एंट्री आर्थिक वर्षानुसार लावावी. सुट्या बॅटऱ्या शोधणे तुलनेने सोपे असते. एकदाच वापरायच्या बॅटऱ्या ८५०६ या शीर्षकाखाली आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या ८५०७ खाली येतात. उपकरणातील बॅटरी मात्र या शीर्षकांखाली दिसत नाही, कारण खेळणे खेळण्याच्या आणि दिवा दिव्याच्या शीर्षकाखाली येतो. म्हणूनच आयात केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून 'हिच्यात बॅटरी आहे काय?' हा प्रश्न ओळीओळीने विचारावा लागतो. दूरनियंत्रकातील बटणाएवढी बॅटरीही यातून सुटत नाही.

वजन कोणाचे?

सर्वाधिक गोंधळ वजनाच्या रकान्यात होतो. समजा, एका आयातदाराने १० हजार पॉवर बँक आणल्या. प्रत्येकीचे वजन ३०० ग्रॅम, तर आतील बॅटरीचे १८० ग्रॅम आहे. बिलावरील निव्वळ वजन ३,००० किलो असले, तरी बॅटरीचे वजन १,८०० किलोच भरते. बिलावरचा आकडा तसाच उतरवला, तर १,२०० किलोंची नसलेली जबाबदारी ओढवून घेतली जाते. उलट अंदाजाने कमी वजन लिहिले, तर ती चुकीची माहिती ठरते. त्यामुळे परदेशी पुरवठादाराकडून प्रत्येक नमुन्याच्या बॅटरीचे वजन, प्रकार आणि घटकद्रव्ये सांगणारे सहीशिक्क्याचे पत्र मागवावे.

घटकद्रव्यांचा तपशील आवश्यक असतो, कारण जबाबदारीचा हिशेब शिसे, लिथियम, कोबाल्ट, निकेल अशा धातूंपर्यंत जातो. पुरवठादाराचे सुरक्षा माहितीपत्रक येथे उपयोगी पडते. लिथियम बॅटरीच्या बाबतीत वाहतुकीसाठी केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ कसोटीच्या अहवालाचा सारांशही वजन पडताळण्यास साह्यभूत ठरतो. पारा व कॅडमियम यांवर नियमांनी मर्यादा घातली असल्याने त्यांचे प्रमाण लेखी घेणे अगत्याचे आहे. फुली मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचे चिन्ह मालावर आहे, याचीही मागणी नोंदवतानाच खात्री करावी. माल न्हावाशेवा बंदरात उतरल्यावर हे सोपस्कार उरकणे खर्चिक ठरते.

नोंदणीनंतरचे दायित्व

नोंदणी मिळाली म्हणजे काम संपले, असे नाही. मागील आर्थिक वर्षातील बॅटऱ्यांबाबतचा आराखडा आणि वार्षिक विवरणपत्र यांच्यासाठी ३० जून ही तारीख नियमांत दिली आहे. नव्या बॅटरीत पुनर्चक्रित द्रव्याचा किमान वापरही बंधनकारक असून, पोर्टेबल बॅटरीसाठी तो २०२७-२८ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०३०-३१ मध्ये २० टक्क्यांवर जाईल. आयात केलेल्या बॅटरीत असे द्रव्य नसल्यास तेवढे द्रव्य अन्य उद्योगांकडून वापरले जाईल किंवा निर्यात होईल, अशी व्यवस्था आयातदाराने करावयाची आहे.

उत्पादकाची नोंदणी केंद्रीय मंडळाकडे होत असली, तरी पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची नोंदणी राज्य मंडळाकडे होते. महाराष्ट्रात ते काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. करार करण्यापूर्वी समोरच्या उद्योगाची नोंदणी तपासावी. उपकरणे आणणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. उपकरणासाठी ई-कचरा नियम आणि प्लॅस्टिक वेष्टनासाठी प्लॅस्टिक कचरा नियम स्वतंत्रपणे लागू होऊ शकतात. बॅटरीची नोंदणी त्यांची जागा घेत नाही.

जबाबदारी पूर्ण न केल्यास किंवा खोटी माहिती दिल्यास पर्यावरणीय भरपाई आकारली जाते. भरपाई भरली म्हणून मूळ जबाबदारी मिटत नाही. ती तीन वर्षांपर्यंत पुढे ओढली जाते. याखेरीज पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम १५ खाली, १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सर्व काम सल्लागाराकडे सोपवता येते. पण बॅटरीचे खरे वजन, तिचा प्रकार आणि ती कोणत्या मालातून आली, ही माहिती आयातदाराच्याच दप्तरात असते. ती वही आधी नीट लिहिली, तर अर्ज भरणे हे काही तासांचे काम उरते.