पोर्टेजचं आजोळ

सोर्स कोडमधून प्रोग्रॅम घडवायचा, तर आधी कुठली फाइल कंपाइल करायची आणि मग कुठली, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हे काम ‘मेक’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर सोपवलं. पुढे त्याची घराणी झाली. बर्कलीत अ‍ॅडम डी बूर यांनी लिहिलेला पीमेक तिथल्याच बीएसडी या युनिक्समध्ये रुजला; ग्नू प्रकल्पाचा मेक लिनक्सबरोबर जगभर गेला. दोन्हीकडच्या मेकफाइली वरवर सारख्या, पण साधी अट घालायची म्हटली की व्याकरण वेगळं.

1994 साली जॉर्डन हबर्ड यांनी बीएसडीच्या फ्रीबीएसडी या शाखेत ‘पोर्ट्स’ आणलं. प्रत्येक परक्या प्रोग्रॅमसाठी एक मेकफाइल: कोड कुठून आणायचा, कोणते पॅच लावायचे, आधी काय बसवायचं. नेटबीएसडीने 1997 मध्ये तीच कल्पना उचलून पीकेजीसोर्स उभं केलं.

लिनक्सकडे ही कल्पना पोचायला निमित्त झालं एका बिघाडाचं. डॅनियल रॉबिन्स स्वतःचं लिनक्स डिस्ट्रिब्यूशन घडवत होते, पण त्यांचं नवं यंत्र लिनक्सवर सारखं गोठायचं. वैतागून ते काही काळ फ्रीबीएसडी वापरू लागले, पोर्ट्सवर खूश झाले आणि परत आल्यावर आपल्या जेंटू या डिस्ट्रिब्यूशनसाठी त्यांनी तशीच पोर्टेज ही व्यवस्था घडवली. तिच्यात मेकफाइलींच्या जागी बॅश या शेलमधल्या ‘ईबिल्ड’ फाइली आल्या, त्या चालवायला पायथन. 2002 साली जेंटू 1.0 बाहेर पडलं.

मग काहींना वाटलं, हेच पोर्टेज फ्रीबीएसडीवर का चालू नये? त्यातून जेंटू/फ्रीबीएसडी सुरू झालं. आजोळी परतलेल्या या नातवाला तिथली बोलीच कळेना.

अशा वेळी दोष कर्नलला दिला जातो. माझ्या मते खरा जाच असतो तो किरकोळ कमांडींचा. ‘सेड’ला फाइल जागच्या जागी बदलायला सांगताना ग्नूमध्ये नुसता ‘आय’ पर्याय पुरतो. फ्रीबीएसडीत त्याच्यापुढे बॅकअपचं शेपूट लिहावं लागतं, रिकामं का होईना. विसरलात, तर पुढचा ‘ई’ पर्यायच शेपूट समजला जातो आणि डिरेक्टरीत भलत्याच नावाची फाइल पडते. ‘इन्स्टॉल’चा मोठा ‘डी’ ग्नूमध्ये मधल्या डिरेक्टरी बनवतो. फ्रीबीएसडीत त्याचा अर्थच निराळा. यातलं काहीही लिहिताना कुणाला आपण लिनक्सपुरतं लिहितोय असं वाटत नाही.

शिवाय फ्रीबीएसडीचं कर्नल, लायब्ररी आणि मूलभूत कमांडी एकाच सोर्समधून एकत्र घडतात. पोर्टेजला सुटी पॅकेजं हवीत. म्हणून तो एकसंध पाया तोडून त्याचे वेगवेगळे ईबिल्ड करावे लागले, आणि फ्रीबीएसडीची आवृत्ती बदलली की ती जुळणी पुन्हा आली. मूठभर माणसांना हे किती वर्षं पेलणार? प्रकल्प थांबला. पोर्ट्स मात्र चालू आहे.

तुम्ही बिल्डच्या स्क्रिप्ट लिहीत असाल तर निदान पहिली ओळ तपासा, जिथे शेलचा पत्ता असतो. फ्रीबीएसडीत बॅश मुळात येत नाही. पोर्ट्समधून बसवला तरी तो ‘युजर-लोकल’खाली जातो. त्याचा लिनक्समधला पत्ता ठोकून देऊ नका, ‘एन्व्ह’ला शोधू द्या.